खालून शब्द येईपर्यंत

एकोणीसशे त्र्याहत्तर सालचा हिवाळा, जानेवारीचा शेवटचा आठवडा. बर्फाळ मुलखातल्या एका टेकडीवरच्या हवामान केंद्रापर्यंत टेलिफोनची नवी तार टाकायचं काम लाइनमनकडे आलं. वर वाऱ्याचा वेग मोजणारी भिंगरी, पाऊस मोजायचं भांडं आणि एक पत्र्याची खोली. खाली कचेरी. तिथे निरीक्षक बसायचा, नुकताच बदलून आलेला.

या कामाला एक नियम होता. वरच्या माणसाने तार जोडून फोनपाशी थांबायचं. खालून ‘आवाज आला, उतर’ असा शब्द आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

मागच्या हिवाळ्यात ती पाळी लाइनमनची होती. बायको अंथरुणाला खिळलेली, म्हणून साडू म्हणाला होता, "तू घरी थांब. तुझी पाळी माझ्यावर." त्याच दिवशी बर्फाच्या वादळात तार तुटली. शब्द वर पोचलाच नाही. साडू वाट बघत बसला, तो फोनपाशी बसल्या जागी गोठून गेलेला सापडला. लाइनमन रडला नव्हता. तेव्हापासून त्याच्या आत काही हलतच नव्हतं.

या वेळी जोडीला कुणी यायला तयार होईना. सकाळी त्याने एकट्यानेच वरचा फोन जोडला, खोलीला कुलूप घातलं आणि तार सोडत सोडत खाली उतरला. दुपारी टेकडी धुक्यात बुडाली होती. कचेरीतल्या फोनचा शेवटचा स्क्रू त्याने आवळला, तोच घंटी खणखणली.

"वारासुद्धा बोलायला लागला की काय?" निरीक्षक हसला. "वर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग तिथल्या फोनचं घंटीचं हँडल कोण फिरवतंय?"

लाइनमनने रिसीव्हर उचलला. आधी नुसता वारा. मग कुणीतरी थंडीने दात आवळून बोलावं तसा आवाज.

"आवाज येतोय का रे...?"

"येतोय."

"मग... उतरू?"

लाइनमनला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

"उतर," तो म्हणाला.

"माझ्या जागी कोण येतंय? इथे कुणीतरी लागतं रे... बसल्यावर कळतं ते."

लाइनमनने खिडकीबाहेर पाहिलं. तार धुक्यात शिरून दिसेनाशी झाली होती.

"मी येतो. पाळी माझीच होती."

"बायको बरी आहे ना तुझी? आधी घरचं बघ..."

"बरी आहे ती. तू उतर."

त्याने कोट चढवला.

"अहो, या धुक्यात कुठे निघालात?" निरीक्षक ओरडला. "चहा तरी घ्या!"

"तुम्ही घ्या."

अर्ध्या वाटेवर समोरून एक माणूस उतरताना दिसला. तारेवर हात ठेवून, चाचपडत. कोट पांढरा पडलेला. वाट अरुंद होती. लाइनमन बाजूला झाला. माणूस जवळून गेला तेव्हा ओल्या लोकरीचा वास आला.

वर कुलूप जसंच्या तसं होतं. त्याने ते उघडलं आणि आत जाऊन स्टुलावर बसला. स्टूल गरम होतं.

त्याने हँडल फिरवलं.

"अहो, इथे एक माणूस आलाय," निरीक्षक म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "नुसता उभा आहे. म्हणतो, घरी जाऊ का विचारा."

"जाऊ द्या त्याला."

"आणि तुम्ही? तुम्ही कधी..."

पुढचं वाऱ्यात गेलं. लाइनमनने रिसीव्हर ठेवला. पाळी फिटली.