नरक्याचं औषध विरघळलं

"आत्या, पूड पुन्हा तळाशीच बसली!" काचेच्या नळीला नाक लावून केतकी म्हणाली.

साल होतं २०६१. शाळा सुटली की केतकी आंबोलीच्या औषध प्रयोगशाळेत यायची. तिच्या बाबांच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ झाली होती आणि बाबांची धाकटी बहीण, वसुधाआत्या, इथे त्यावरच काम करत होती. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्पटोथेसिन हे द्रव्य असतं. ते कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतं. मग घोडं अडलं होतं कुठे?

"चिमटा, पेशी पडद्यावर दाखव," आत्या म्हणाली. चिमटा म्हणजे तिचा मदतनीस यंत्रमानव. बाबांच्या गाठीतल्या थोड्या पेशी काचपट्टीवर वाढवल्या होत्या, त्या त्यानं मोठ्या करून दाखवल्या. औषध घालूनही त्या खुशाल वाढत होत्या.

"औषध खोटं आहे का गं?" केतकीनं विचारलं.

"खरं आहे. पण त्याला पाण्याचं वावडं आहे, आणि या पट्टीवरच्या द्रवात काय, रक्तात काय, मुख्यतः पाणीच असतं. विद्राव्यता (पाण्यात विरघळण्याची क्षमता) कमी, म्हणून ते पेशींपर्यंत पुरेसं पोचत नाही. त्याला सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये (साखरेचे घटक जोडून झालेलं पोकळ कडं) बसवायला बघतेय. हे कडं बाहेरून पाण्यात रमतं आणि पाणी नको असलेल्या द्रव्याला पोटात आसरा देतं."

"पोहता न येणारा माणूस ट्यूबमध्ये बसून तरंगतो, तसं?"

"अगदी तसंच! पण हे बसेल तर ना."

केतकी विचारात पडली. "माझ्या ट्यूबमध्ये बाबा मावत नाहीत. कमरेशीच अडकतात. तुझं कडं लहान तर नाही?"

आत्या थबकली. "सहा घटकांचं झालं, सातांचं झालं. आठांचं ढिलं पडेल म्हणून मीच बाजूला ठेवलं. चिमटा, काढ ते."

"काढलं, वसुधाताई."

या वेळी तळाशी काहीच उरलं नाही. द्रावण नितळ झालं. दुसऱ्या दिवशी पडद्यावर कर्करोगाच्या पेशी आक्रसलेल्या दिसल्या. शेजारच्या पट्टीवरच्या निरोगी पेशी मात्र बऱ्याचशा शाबूत होत्या.

लगेच काही ते बाबांना मिळालं नाही. आधी सगळ्या चाचण्या झाल्या, डॉक्टरांची मंजुरी आली आणि मगच पहिली सलाईन लागली. त्यानंतर काही आठवडे गेले.

एका सकाळी डॉक्टर फुप्फुसाची नवी छायाचित्रं घेऊन बाबांच्या इस्पितळातल्या खोलीत आले. "गाठ निम्म्याहून लहान झालीय. अजून उपचार चालू राहतील, पण औषध लागू पडतंय."

आत्या रडता रडता हसू लागली. केतकीनं तिचा हात धरला.

"आत्या, अशी न विरघळणारी औषधं आणखी किती झाडांत असतील?"

"पुष्कळ. शोधायची ना आपण?"

केतकीनं जोरजोरात होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात पलंगावरून बाबांचा आवाज आला, "शोधा, पण आधी मला जेवायला वाढा. भूक लागलीय."

कितीतरी दिवसांनी बाबा जेवायला मागत होते! पलंगाशी बसलेली आई लगबगीनं डबा उघडायला उठली.