संजीवनीबाई नको म्हणतात

दर शनिवारी सकाळी दहा ते बारा मी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारी लिहून देतो. अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. एक टेबल, तीन खुर्च्या, माझा लॅपटॉप आणि कमिटीच्या जुन्या रजिस्टरांचं कपाट. एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं क्वालिटीला होतो. समोर आलेला माल खराबच आहे असं धरून चालायचं, चांगला निघालाच तर सही करायची, ही माझी नोकरी. रिटायर झाल्यावर ही सवय माणसांवर चालते. नीलिमा, माझी बायको, म्हणते, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाता. खोटं नाही ते.

तक्रारींचं सरकारी पोर्टल हा भूलभुलैया आहे. कोणता विभाग, कोणता वॉर्ड, कोणता उपप्रकार. एक खूण चुकली की तक्रार भलत्याच टेबलावर जाते आणि आठवड्याने मोबाइलवर मेसेज येतो, 'निवारण झाले'. म्हणून पुण्याहून माझ्या मुलीने, राजसीने, मला एक चॅटबॉट लावून दिला. समोरचा माणूस सांगेल ते मी टाइप करायचं. तो दोन-चार प्रश्न विचारतो, बरोबर विभाग शोधतो, मुद्देसूद अर्ज तयार करतो आणि मी होकार दिला की पोर्टलवर चढवतो. पुढे काय झालं तेही कळवत राहतो. तक्रार करण्यासारखं त्याच्यात काही नाही, आणि त्यामुळेच मला पहिल्या दिवसापासून त्याचा संशय येत होता.

लबाडी मात्र माझी होती. नुसता खड्डा लिहिला तर खड्डा तसाच राहतो. खड्ड्यात कुणी पडलं असं लिहिलं तर माणसं येतात. तक्रारी लिहिणारे आम्ही सगळेच हे करतो. याला वजन टाकणं म्हणतात. 'अपघात' या रकान्यात खूण केली की जखमीचं नाव आणि वय द्यावं लागतं. खऱ्या माणसाचं नाव देणं बरं वाटेना, म्हणून मी एक बाई बनवली. संजीवनी भोपी, वय ६८. चॅटबॉट दर वेळी विचारायचा, "हे प्रत्यक्ष घडलं आहे का?" मी दर वेळी 'हो' लिहायचो.

वर्षभरात मी या बाईंना शिवमंदिराच्या रस्त्यावर खड्ड्यात पाडलं, बदलापुरात त्यांच्यावर कुत्रं सोडलं, उल्हासनगरात एका कापडवाल्याच्या दुकानासमोर त्यांना लोंबत्या वायरचा झटका दिला. अशा चौदा तक्रारी केल्या आणि चौदाही कामं झाली. लोक पेढे आणून देत. लाज वाटायची सोडून माझी कॉलर ताठ व्हायची.

मार्चमधल्या एका शनिवारी लॅपटॉप उघडला, तर मी काही लिहायच्या आधीच स्क्रीनवर आलं, "संजीवनीबाईंचा हात आता कसा आहे?"

राजसीला फोन लावला. ती हसली. "अहो बाबा, तो मागचं लक्षात ठेवतो. तुम्हीच तेच तेच नाव देता ना?"

पटलं. फोन ठेवल्यावर मी जुने अर्ज काढून एकेक वाचले. सगळीकडे मी फक्त 'जखमी' लिहिलं होतं. हात हा शब्द चौदांपैकी एकाही अर्जात नव्हता.

काम झालं की पोर्टलवर फोटो टाकतात. शिवमंदिराच्या रस्त्याचा फोटो मी पुन्हा उघडला. ताजं काळं डांबर, दोन घमेली, आणि कडेला फुलवाल्याच्या बाकड्यावर बसलेली एक म्हातारी. डाव्या हाताला प्लास्टर. कामाकडे न बघता ती थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. हात मोडलेल्या म्हाताऱ्या गावात पन्नास सापडतील, असं मी मनाशी म्हटलं. फोटो मोठा करून बघायचं मात्र टाळलं.

पुढच्या आठवड्यात उल्हासनगरच्या त्या सिंधी कापडवाल्याचा फोन आला.

"साईं, वो माताजी दुकान पे आयी थी। पट्टी-बिट्टी बांधके।"

"कोण माताजी?"

"वही, वायरवाली। पूछती थी, मेरा नाम किसने लिखवाया? मैंने आपका नंबर नहीं दिया। आप संभाल लेना।"

कुणीतरी माझी थट्टा करतंय, असं मी धरून चाललो. नाव पोर्टलवर कुणालाही दिसतं. एखाद्या बाईला उभं करायला कितीसा वेळ लागतो? पण कशासाठी, याचं उत्तर सापडेना. नीलिमाला काही सांगितलं नाही. पुढचे दोन शनिवार मी तब्येतीची सबब काढून ऑफिस उघडलंच नाही.

तिसऱ्या शनिवारी हिंदुराव दारातच उभे होते. बुवापाड्यात राहणारे, कंपनीत आमच्याकडे हेल्पर होते. सोबत त्यांची बायको अंजनी, हातात काठी. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेलेली.

"सायेब, दारापुढच्या चेंबरचं झाकण गेलंय. चार टाइम कंप्लेंट टाकली. चारी टाइम मेसेज आला, निवारण झालं. कसलं निवारण? भोक तसंच हाय. ही रोज काठीनं चाचपून वलांडतीया. मी ड्युटीवर असलो की माझा जीव थाऱ्यावर नसतो."

"परवा काठी आत गेली," अंजनी म्हणाली. "खाली टेकलीच न्हाई."

तिने हे हसत सांगितलं. मी त्यांना बसवलं आणि लॅपटॉप उघडला.

वजन टाकल्याशिवाय पाचव्यांदाही तोच मेसेज येणार, हे मला माहीत होतं. मी सगळं लिहिलं, अपघाताची खूण केली, आणि पाचवी खेप म्हणून वजन जरा जास्तच टाकलं: चेंबरमध्ये पडून पाय मोडला. नावापुढे नेहमीचं नाव लिहिलं.

स्क्रीनवर उत्तर आलं.

"संजीवनीबाई आता नको म्हणतात. दुसरं नाव द्या."

मी दोनदा वाचलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. वाक्य तिथेच होतं. मी दुसरं नाव रचलं, वयही रचलं.

"या नावाचं कुणी नाही."

मी लिहिलं, "संजीवनी तरी कुठे होती?"

"तुम्ही हो म्हणाला होता."

"काय म्हणतंय ते?" हिंदुरावांनी विचारलं. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं.

"जखमीचं नाव मागतंय."

"मग हिचंच टाका. न्हाईतरी पडायची हीच हाय."

"टाका की," अंजनी म्हणाली. "नुसत्या नावानं काय हुतंय?"

मी 'अं' लिहिलं. पुढचं अक्षर लिहवेना.

समोर अंजनी बसली होती. एक पाय दुसऱ्यावर ठेवून, चपलेचा अंगठा हाताने चाचपत. दोन्ही पाय धड. नाव दिलं तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. नाही दिलं तर काय होईल ते पक्कं माहीत होतं.

एकतीस वर्षांत खात्री नसताना मी कुठेही सही केली नव्हती.

'अं' खोडलं. तिथे माझं नाव लिहिलं. चिंतामणी, वय ६३.

"हे प्रत्यक्ष घडलं आहे का?"

"हो."

मंगळवारी झाकण बसलं. खोटा मेसेज नको म्हणून मी स्वतः बघायला गेलो. भक्कम लोखंडी झाकण, कडेने ताजं सिमेंट. अंजनीने त्यावर उभं राहून दोन्ही पायांनी थपथप केलं. हिंदुराव लहान पोरासारखे हसत होते. "सायेब, चहा घेतल्याबिगर सोडणार न्हाई." चहा घेतला. खरंच बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि खिशात फोन वाजला.

मी तिथल्या भिंतीला टेकून मेसेज वाचला. त्यानंतर रिक्षाने घरी आलो. जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरला. नीलिमाने विचारलं, काय झालं, तर गुडघा धरलाय म्हणालो.

आज गुरुवार. दोन दिवस मी घराबाहेर पडलेलो नाही. राजसीला सांगून चॅटबॉट काढून टाकला. तरी आज सकाळी तोच मेसेज पुन्हा आला.

"आपल्या अर्जात एक माहिती राहिली आहे. पाय कोणता, उजवा की डावा? शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास दोन्ही गृहीत धरण्यात येतील."