पडद्यावर बावीस

सकाळी फोन आला तेव्हा निरीक्षकांचा चहा निम्मा उरला होता. तो तसाच राहिला. निवृत्तीला टेकलेल्या माणसाच्या नशिबी गरम चहासुद्धा नसतो, असं पुटपुटत त्यांनी कोट चढवला.

थंडीची पहिली लाट कालच आली होती. एक म्हातारी आपल्याच खुर्चीत गारठून बेशुद्ध सापडली होती. तिला इस्पितळात हलवलं होतं, आणि इकडे तिच्या मुलाने कामवाल्या मावशींना आरोपी ठरवूनही टाकलं होतं.

"काल दुपारपर्यंत हीटर उत्तम चालत होता, साहेब. त्यानंतर घरात फक्त ही आली. हिनेच काहीतरी बिघडवलं."

"दुपारी तुम्ही इथे होतात?"

"तासभर आईजवळ बसलो. इतकं उबदार होतं, स्वेटर काढून ठेवला मी."

मावशींचा चेहरा पार उतरला होता. काम तर गेलंच, आता कोठडीही दिसत होती.

"मी संध्याकाळी जेवण द्यायला आले. घर गार होतं. आजी म्हणाल्या, लेकाने नवं यंत्र लावलंय, तापेल हळूहळू. त्यावर 'चालू' दिसत होतं. मी दोन पांघरुणं घालून गेले. कशालाही हात लावला नाही हो."

भिंतीवर हीटरचं तापमान सांभाळणारा नवा स्मार्ट थर्मोस्टॅट चकाकत होता. मोठ्या आकड्यात ठरवलेलं तापमान, बावीस, शेजारी 'चालू'. खाली, चष्मा लावल्याशिवाय दिसू नये एवढ्या बारीक अक्षरात, खोलीचं तापमान: अकरा.

निरीक्षकांनी यंत्र काढलं. मागे चार तारांची जागा होती. भिंतीतून दोनच तारा आल्या होत्या.

"कोणी बसवलं?"

"मीच, गेल्या महिन्यात. काही अवघड नसतं त्यात."

निरीक्षकांनी सुस्कारा सोडला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हीटरचा जुना गोल खटका कपाटाच्या खणात सापडला. तो दोन तारांना जोडताच हीटर घरघरला. थोड्या वेळाने खोलीभर करपट वास पसरला.

मुलाने नाकाला रुमाल लावला. "हा कसला वास? काही जळतंय का?"

"धूळ जळतेय," निरीक्षक खुर्चीवर टेकले. त्यांचे गुडघे दुखत होते. "महिनोन्‌महिने बंद असलेला हीटर पहिल्यांदा तापला, की हा वास येतो. तो काल चालला असता, तर धूळ कालच जळून गेली असती."

"हीटर जुना, यंत्र नव्या पद्धतीचं. दोघांचं जमतच नाही. यंत्र स्वतःच्या बॅटरीवर 'चालू' म्हणत बसलं, हीटरपर्यंत निरोप पोचलाच नाही. जो चालूच झाला नाही, तो ही बाई बिघडवणार कशी? तुम्ही काल आलाच नाहीत. आला असतात तर कुडकुडला असतात. मोबाइलवर या यंत्राचं बावीस पाहिलं आणि आईची चौकशी झाली, असं समजलात. सकाळी भानगड कळली, आणि मग चोराच्या उलट्या बोंबा."

"बावीसच दिसत होतं, साहेब," मुलगा खाली बसला. "मी घाबरलो."

"पण थंडी सोसत नाही, हे आजींनी मला का सांगितलं नाही?" मावशींनी डोळे पुसले.

तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. निरीक्षकांनी ऐकून घेतलं आणि मुलाकडे पाहिलं. त्यांना त्याचा राग आला होता, पण रागवायचंही त्राण नव्हतं.

"आई शुद्धीवर आल्या. म्हणतायत, लेकाने हौसेने आणलेलं यंत्र माझ्याच हातून बिघडलं असणार. त्याला सांगू नका, वाईट वाटेल."

मुलगा रडू लागला. निरीक्षक उठले.

"चला मावशी, तुम्हाला इस्पितळात सोडतो. आजींचा स्वेटर बरोबर घ्या."