पानाच्या तळाची ओळ

ब्रेल छापखान्यातली मशीनची टकटक थांबली की मावशीला आपला श्वाससुद्धा मोठा वाटायचा. प्रुफं तपासायच्या बाकावर पूर्वी दोघी बहिणी बसत, दोघीही जन्मांध. धाकटी गेली, तशी मावशी मधोमध बसू लागली. कुणी विचारलंच तर म्हणायची, "ऐसपैस बसायला मिळालं एकदाचं."

त्या दिवशी अंधशाळेचं भूगोलाचं पुस्तक संध्याकाळच्या गाडीनं जायचं होतं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक जास्तीची ओळ उमटत होती.

संगणक धाकटीची लेक सांभाळायची. डोळस, पण ब्रेल शिकायचा तिला कंटाळा.

"मावशी, मूळ मजकुरात काही नाही. ब्रेलमध्ये बदलल्यावर पडद्यावरही काही नाही. मग कागदावर येतं कुठून? आहे तरी काय तिथं?"

मावशीनं पुन्हा बोट फिरवलं.

ताई, सरक.

जिथं जिथं डावीकडचं खालचं टिंब, तिथं ते दबकं. मशीन सगळी टिंबं सारखी ठोकतं. असं लिहायची धाकटी. मनगट मोडल्यापासून तिचा हात तिथं कमी पडायचा.

"कचरा आहे," मावशी म्हणाली. "तुझ्या त्या सॉफ्टवेअरला अक्कलदाढ फुटलीय."

"मग काढून नव्यानं टाकते. जाईल. टाकू ना?"

मावशीचं बोट त्या ओळीवरच होतं. पोरांच्या हातात असलं पुस्तक कसं द्यायचं? आणि ओळ पुसली, तर पुन्हा कोण ताई म्हणणार?

"मावशी?"

"टाक की! मला काय विचारतेस, मी काय त्याची आई आहे?"

नवं पान आलं. तळाशी कागद गुळगुळीत. मावशीचं बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं.

"गेली ना गं?" भाचीनं विचारलं.

"गेली."

पुस्तक छापून झालं. भाची गठ्ठे घेऊन खाली गाडीकडे गेली. मशीन थांबलं. खोलीत एकच श्वास उरला.

मावशीच्या डाव्या हातावर काटा आला. पंखा तर बंद होता. तिनं हात चोळला.

काटा जाईना.

पुन्हा चोळताना बोट अडखळलं. काटा ओळीत उभा होता.

डावीकडचं खालचं टिंब दबकं.

"आगाऊ कुठली," मावशी पुटपुटली, आणि बाकाच्या कडेला सरकली.