सातवा बोर्ड

मोबाईल ठेवा बाजूला, आणि त्या सॉकेटपासून जरा सरकून बसा. का, ते कळेल. माझा एक मित्र वायरमन आहे, त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतोय. पदरचं काही घालत नाही.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. एका शिक्षिकाबाईंचं जुनं घर, सगळीकडे दोन पिनांची सॉकेटं, अर्थिंगचा पत्ताच नाही. बाईंच्या वडिलांसाठी ऑक्सिजनचं मशीन सकाळी सातला यायचं होतं. त्याला तीन पिनांचं सॉकेट हवं आणि खरं अर्थिंग हवं. तहान लागल्यावर विहीर खणायची, दुसरं काय! पण गडी कामाचा. मागच्या अंगणात खड्डा घेऊन अर्थिंगची पट्टी पुरली आणि रात्री अकरापर्यंत सहा बोर्ड बदलले.

सातवा वडिलांच्या खोलीत. नेमकी तिथेच भिंतीतली जुनी नळी बुजलेली, अर्थिंगची वायर पुढे सरकेना. भिंत फोडायची तर तीन तास. कंबरेचा काटा ढिला झाला होता त्याचा. मग घाईत बरेच जण करतात आणि कबूल कोणी करत नाही, ते त्याने केलं. बोटभर वायर घेऊन न्यूट्रल आणि अर्थिंगची पिन सॉकेटच्या आतच जोडून टाकली. तपासायला बल्ब लावला की पेटतो, अर्थिंग आहे असंच वाटतं. पण कधी न्यूट्रल तुटली, तर मशीनच्या पत्र्यातच करंट. हात लावणारा गेला. हे त्याला ठाऊक होतं, बरं का. म्हणून मला अजून त्याचा राग येतो.

पावणेबारा वाजले होते. प्लेटचे दोन्ही स्क्रू आवळून तो मेन चालू करायला बाहेर गेला. परत आला.

प्लेट उघडी. स्क्रू खाली फरशीवर. शेजारी शेजारी, डोकी भिंतीकडे...

वडील झोपलेले. त्यांना कूसही बदलता येत नव्हती.

त्याने मेन पाडला. पुन्हा स्क्रू आवळले. या वेळी खोलीतच थांबला. टॉर्च जरा दाराकडे वळवला, एवढंच.

उघडी.

आतला वायरचा तुकडा नाही...

मग त्याने मुकाट्याने छिन्नी उचलली. ठोकण्याच्या आवाजाने बाई आल्या. त्याने फक्त स्क्रूंकडे बोट दाखवलं. बाई स्क्रूंजवळ वाकल्या.

“आई झोपताना केसांतल्या पिना अशाच काढून ठेवायची, दादा.”

“कधी गेल्या?”

“मी सातवीत होते. याच बोर्डावर इस्त्री लावली होती तिने...”

तीन वाजता खरी वायर पोचली. मशीन वेळेवर सुरू झालं, वडील अजून आहेत.

तो उजाडताना घरी पोचला. बायकोने आतून कडी काढली. तो तडक वॉशिंग मशीनमागे गेला. आठ वर्षांपूर्वी तिथल्या सॉकेटमध्ये त्याने असाच तुकडा घातला होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं. रोज तीच त्या मशीनला हात लावायची.

तुकडा नव्हता. प्लेट उघडी होती.

खाली दोन स्क्रू. शेजारी शेजारी... डोकी भिंतीकडे.