काचेवरचा पिवळा ठिपका

"पोलीस बोलावलेत," लखीचंदशेठ म्हणाले. "तोतारामला आज आत घालतो."

धुळ्यातल्या त्यांच्या पाइप-फिटिंगच्या कारखान्यात नवा रोबो मान टाकून उभा होता. दसऱ्याच्या दुसऱ्याच सकाळी, साचा मिटत असताना त्याचा हात आत गेला आणि चेंगरला. जळगावची खासगी गुप्तहेर नूतन भंगाळे वाकून पाहत होती. तिचा मदतनीस ललित याने मनोमन निकालही लावून टाकला होता.

शेठांचा मुलगा मनन याने फडकं पुढे केलं. "रोबोच्या कॅमेऱ्याच्या काचेवरून हे पुसलं. बोटाने खालून वर ओढलेला पिवळा ठिपका. त्यानेच रोबो आंधळा झाला. त्याच्या चौथऱ्याच्या वर काही लावायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं मी. काल दसऱ्याच्या पूजेला मेन स्विच बंद, त्यामुळे सीसीटीव्हीही बंद."

"हळद!" ललित म्हणाला.

नूतनने फडकं हुंगलं. "वास छान आहे."

पारोळ्याकडचा तोताराम जुना ऑपरेटर. रोबो आल्यापासून नोकरीच्या काळजीने त्याचा जीव टांगणीला लागला होता.

"पूजा मीच करी, ताई. हळद-कुंकू खाले चौथरावर लायं, नारळ फोडं. यंत्रना राग येस, पन हाई पाप मी नही करं."

"आणि शेठ, काल तुम्ही?"

"मी मंदिरातून थेट घरी गेलो. इकडे फिरकलोही नाही." त्यांच्या कपाळावरचा आजचा पिवळा टिळा अजून ओला होता.

नूतनने सगळ्यांना वरच्या ऑफिसात बसवलं.

"घात करणारा अख्खी काच सारवतो. इथे एकच रेघ, तीही खालून वर. टिळा असाच लावतात. आणि हळदीला चंदनाचा वास येत नाही. तोतारामच्या ताटात चंदन नव्हतं, मननचं कपाळ कोरडं आहे. चंदन-केशर लावणारं इथे एकच माणूस आहे. शेठ, काल तुम्ही आला होतात."

शेठांचा चेहरा पडला.

"एवढं महागाचं यंत्र, त्याचं कपाळ कोरडं कसं ठेवायचं? तिथे डोळा असतो हे मला काय ठाऊक! सकाळी कळलं, पण मननसमोर तोंड उघडेना."

ललितला स्वतःची लाज वाटली. गेटवर आलेली पोलिसांची जीप शेठांनी परत पाठवली.

"तोताराम, उद्यापासून कामावर ये."

"येसू, शेठ. पन माले घातकी म्हनं ते बठ्ठा कामगारस्ना समोर. आते खरं बी तठेच सांगा."

मनन उठू लागला. त्याला हातानेच बसवून शेठ एकटे खाली गेले. यंत्रांच्या आवाजात त्यांचं बोलणं कुणाला ऐकू जाईना. मग त्यांनी सगळी यंत्रं बंद करायला लावली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.