चालकाच्या बाजूची काच

जुन्या गाडीबद्दल माणसं जितकं खोटं बोलतात, तितकं बहुधा स्वतःच्या लग्नाबद्दलही बोलत नसतील. माझं पोट त्याच खोटेपणावर चालतं. पन्नास वर्षांपूर्वीची डॉज चार्जर कुणी विकायला काढली की घेणारा मला बोलावतो आणि मी टॉर्च, आरसा आणि टेप घेऊन तिच्याखाली सरपटत जातो. डॅशबोर्डवरची कारखान्याच्या नंबराची पट्टी मूळची आहे की दुसऱ्या गाडीची उपटून लावलीय, इंजिन त्याच गाडीचं आहे की नाही, रंगाखाली पुट्टी किती थापलीय, एवढं मी सांगतो. माझं नाव एमेट रॅडकी. मिशिगनच्या या भागात मला फारसे मित्र नाहीत, त्याचं कारणही हेच.

लोरेन कुबियाक माझ्याकडे आली ती मार्चच्या शेवटी. साठी ओलांडलेली, हॅमट्रॅमिकची पोलिश बाई. कोटाची बटणं चुकीच्या काजात लावलेली.

"तुम्हाला गाडी घ्यायचीय?" मी विचारलं.

"खरी असेल तर."

"आणि खोटी निघाली तर?"

"तर माझा भाऊ मेला," ती म्हणाली.

मी तिला माझ्या पिकअपमध्ये बसवलं आणि आम्ही निघालो. वाटेत तिनं सगळं सांगितलं. मोठा भाऊ काझ, म्हणजे काझिमिर. गाड्यांच्या कारखान्यात कामाला होता आणि पंचाहत्तर साली कपात झाली तेव्हा तोही घरी बसला. जवळ उरली ती गडद हिरवी चार्जर. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ती घेऊन तो सेंट क्लेअर तलावावर मासे पकडायला गेला. थेट बर्फावर. आमच्याकडे असं सगळेच जातात. शहाणी माणसं सीटचा पट्टा लावत नाहीत आणि आपल्या बाजूची काच खाली ठेवतात, कारण बर्फ फुटला तर बाहेर पडायला तेवढीच वाट असते. काझ त्या बाबतीत शहाणा होता. मार्च सरत आल्यावर बर्फावर जायचं नसतं, या बाबतीत नव्हता.

लोकांना बर्फात एक भोक सापडलं आणि काठाशी त्याची मासे ठेवायची बादली. बर्फ वितळल्यावर पाणबुडे उतरले. गाडी नाही, काझ नाही. जहाजांच्या खोल वाटेत प्रवाहानं ओढून नेली असेल, असं पोलीस म्हणाले.

"आईनं ते कधीच मानलं नाही," लोरेन म्हणाली. "तिचं एकच. काच खाली होती तर तो बाहेर का नाही आला? म्हणजे तो पाण्यात गेलाच नाही. नोकरी गेल्याची लाज वाटली म्हणून पळाला. दर नाताळला आम्ही टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतो ना, अचानक येणाऱ्यासाठी. आमच्याकडे ते ताट त्याचंच."

"आणि आता?"

"आता आई हॉस्पिसमध्ये आहे. फार तर आजची रात्र, असं म्हणतात. ती जीव सोडत नाही हो. सारखी विचारते, काझ तिकडे आधी पोचलाय का, की मी गेले तर तो इथे एकटा राहील? मी काय सांगू तिला? सांगा ना, काय सांगू?"

मी हीटर वाढवला.

गाडीचा तो कारखान्याचा नंबर तिला पाठ होता. कित्येक वर्षं पोलिसांना फोन करून करून पाठ झालेला. तोच नंबर तिला आदल्या दिवशी विक्रीच्या जाहिरातीत दिसला. मला त्यात नवल वाटलं नाही. बुडालेल्या गाडीचा नंबर चोराला फार सोयीचा असतो. मूळ गाडी तक्रार करायला येत नाही. पण हे मी तिला बोललो नाही.

गाडी तलावाच्या उत्तर काठाला, वर्लिन टब्स नावाच्या माणसाच्या शेडमध्ये होती. काका वारला आणि शेडबरोबर गाडीही वर्लिनकडे आली होती; काकाला ती कुठून मिळाली, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं ती डाव्या भिंतीला इतकी चिकटवून लावली होती की चालकाचं दार, जे आमच्याकडे डावीकडे असतं, चार बोटंही उघडू नये.

"हे काय पार्किंग झालं?" मी म्हणालो. "मी काय पालीसारखा भिंतीवरून जाऊ?"

"उजवीकडून जा की," वर्लिन म्हणाला. "दार दोन्हीकडे सारखंच असतं."

"आत कशी लावलीत मग? उतरलात कुठून?"

"बसलोच नव्हतो. विंचनं, तारेचा दोर लावून ओढली." त्यानं माझ्याकडे न बघता सिगरेट पेटवली. "काकाही कधी तिकडून बसला नाही."

मी कामाला लागलो. पट्टीचे रिव्हेट फुलाच्या आकाराचे, कारखान्यातलेच, कधी न हललेले. इंजिनावरचा नंबर जुळला. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवरचा आणि डिकीच्या कडेखालचा, दोन्ही जुळले. हे दोन नंबर पुष्कळ लबाडांना ठाऊकही नसतात. रंग मूळचा होता, एका ठिकाणी ओघळलेला. कारखान्यातल्या कुणा कामगारानं खडूनं ओढलेली रेघ आतल्या पत्र्यावर तशीच होती. गंज कुठेही नव्हता. मिशिगनचे हिवाळे आणि रस्त्यावरचं मीठ खाऊन पन्नास वर्षांत गंज नाही, अशी गाडी मी तोवर पाहिली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. मला तो झाला नाही.

गाडी डावीकडे कलली होती. टेप लावून पाहिली, डावी बाजू बोटभर खाली. स्प्रिंग थकला असेल म्हणून मी खाली गेलो. स्प्रिंग ठणठणीत होता. एकटा चालक आत बसल्यावर गाडी जशी बसते, तशी ती बसली होती.

"सीटखाली काही ठेवलंय का?" मी खालूनच विचारलं.

"तुम्हीच बघा," वर्लिन म्हणाला. "मी नाही बघणार."

चालकाच्या दाराच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. ती बुजली होती म्हणून मी त्यात तार घातली. बर्फगार पाणी माझ्या मनगटावरून बाहीत शिरलं आणि त्याबरोबर बारीक पट्ट्यापट्ट्यांचे शिंपले पडले. हे शिंपले आमच्याकडच्या पोरांनाही माहीत आहेत, तलावात पाय कापतात. पण ते इथे आले काझ गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी. त्याच्या वेळी या तलावात एकही नव्हता.

एक शिंपला हळूच मिटला. जिवंत होता.

शिंपले खिशात टाकून मी बाहेर आलो. तार घालण्याआधी दाराच्या तळाला बोट फिरवलं होतं, तेव्हा पत्रा कोरडा आणि नवा लागला होता. शेडमध्ये पाण्याचा नळसुद्धा नव्हता.

"काय झालं?" लोरेन म्हणाली. "खोटी आहे का?"

"अजून आतून बघायचीय."

उजव्या दारातून मी आत वाकलो. उजव्या सीटपुढच्या गालिच्यावर लाल डाग होता. लोरेननं तो पाहिला आणि तोंडावर हात दाबला.

"माझं नेलपॉलिश, मी सांडलेलं," ती म्हणाली. "दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी."

गाडी फार चाललेली नव्हती. पेडलचं रबर कोरं, स्टिअरिंग कोरं, उजव्या काचेचं हँडल चकचकीत. मग मी डावीकडची काच पाहिली. ती पूर्ण वर होती. काझची काच, जी तो बर्फावर कधी वर ठेवत नसे.

तिच्या हँडलवरचं क्रोम उडालं होतं. खालचा धातू झिजून पातळ झाला होता आणि मूठ अर्धी उरली होती. मी हात लांबवून ते फिरवलं. आतले दाते पार घासून गेले होते. हँडल फिरलं, काच हलली नाही. मी या धंद्यात रोज धावणाऱ्या टॅक्सी पाहिल्यात, पोलिसांच्या गाड्या पाहिल्यात. कुणीही काचेचं हँडल इतकं फिरवलेलं पाहिलं नाही. आणि हे दुसऱ्या गाडीतलं आणून बसवलेलं नव्हतं. तो माझा धंदा आहे, मला कळतं.

"रात्री आवाज येतो," वर्लिन दारातून म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "कर्रकर्र. म्हणून भिंतीला लावली. काय वाट्टेल ते द्या आणि घेऊन जा, बाबा."

लोरेननं माझी बाही धरली. "मला फक्त खरं सांगा. खरी की खोटी?"

"खरी आहे," मी म्हणालो. "शंभर टक्के."

"मग तो पळाला? जिवंत आहे?"

मी खिशातून काढून तिला शिंपले दाखवले. मग हँडलकडे बोट केलं. तिनं आत वाकून त्या झिजलेल्या मुठीला बोट लावलं.

"तो काच खाली करत होता," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नर्स होती. आईचा श्वास बदललाय, लवकर या.

मला वाटलं ती आता कोसळणार. ती कोसळली नाही. तिनं फोन खिशात टाकला, मला बाजूला सारलं आणि उजव्या सीटवर जाऊन बसली. चालकाच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून ती पोलिशमध्ये बोलू लागली. मला त्यातलं कळलं एवढंच, की ती आधी रागावली, मग रडली, मग नुसती विनवणी करत राहिली.

नंतर ती इंग्रजीत म्हणाली, "सरक इकडे, काझ. या बाजूनं निघता येतं. मी दार धरते. चल ना रे, आई थांबलीय."

ती उतरली.

दार तिनं लगेच लावलं नाही. थोडं मागे सरून, धरून उभी राहिली.

गाडी उजवीकडे दबली.

मग वर आली.

वर्लिननं डोक्यावरची टोपी काढली. मी टेप लावली, कारण हाताला दुसरं काम सुचेना. दोन्ही बाजू सारख्या होत्या.

"गाडी नको आता मला," लोरेन म्हणाली. "तुम्ही आम्हाला हॉस्पिसला सोडाल का?"

आम्हाला. मी किल्ली काढली.

माझ्या पिकअपची सीट सलग आहे. लोरेन मध्ये, मला खेटून बसली. दाराकडची जागा तिनं मोकळी ठेवली आणि दार स्वतः हात लांबवून ओढून घेतलं. संध्याकाळ व्हायला आली होती. रस्ता तलावाच्या कडेनं जातो. बर्फ काळपट पडला होता आणि काठाशी पाणी सुटलं होतं. नर्सचा पुन्हा फोन आला. आई अजून आहे, दाराकडे बघतेय.

"सांगा तिला, घेऊन येतेय," लोरेन म्हणाली.

केबिनमध्ये तलावाचा वास भरला होता. माझी पिकअप जुनी आहे, काचा हातानं फिरवायच्या. पलीकडच्या दाराचं हँडल हललं. मी आधी धक्क्यानं हललं असं समजलो. मग ते फिरू लागलं, अगदी जपून, आणि काच खाली गेली. बर्फगार वारा आत आला. लोरेनचे दोन्ही हात मांडीवर होते.

काच तळाला लागली. क्षणभर काही झालं नाही.

मग हँडल उलटं फिरलं, काच पूर्ण वर आली, आणि पुन्हा खाली गेली. पुन्हा वर. पुन्हा खाली. ही काच उघडते, याची खात्री करून घेतल्यासारखं, हॉस्पिसच्या दारापर्यंत ते चालूच होतं.